कार्यकारिणीत नवी माणसं आणायची, पण ठरतं कुठे? : विश्वस्तांच्या सहअध्ययन गटाबद्दल

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही राहिलं असेल तर कळेल. गुहागर तालुक्यातली तुमची शिक्षणसंस्था जुनी आहे. कार्यकारिणीत अकरा जण, त्यातले आठ मुंबईला. बाई एकच, त्याही माजी अध्यक्षांच्या सूनबाई. बौद्धवाडीतली, मोहल्ल्यातली, भंडारवाड्यातली मुलं शाळेत आहेत, पण त्यांच्या घरातलं कुणी कार्यकारिणीत नाही. मदत देणाऱ्या एका कंपनीने सुचवलं की आसपासच्या चार-पाच संस्थांच्या विश्वस्तांचा सहअध्ययन गट करा आणि कार्यकारिणी सर्वसमावेशक कशी करायची ते एकमेकांकडून शिका. ज्येष्ठ म्हणतात, ‘आपल्यात भेदभाव नाहीच, मग शिकायचं काय?’ आणि तुम्ही, नवे सचिव, विचारताय की अशा गटाचा खरंच उपयोग होतो, की चहा-बिस्किटं खायची, फोटो काढायचा आणि घरी यायचं.

दोन्ही होतं. मी रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या लहान संस्थांच्या कार्यकारिणींबरोबर बरीच वर्षं काम करते आहे. फोटोपुरते उरलेले गटही पाहिलेत आणि संस्थेचा कारभार बदलणारेही. फरक कुठे पडतो ते सांगते.

तुम्ही विचारलंय ‘माणसं कशी आणायची’. आणणं त्यामानाने सोपं असतं. सर्वसाधारण सभेत एक सूचक, एक अनुमोदक, टाळ्या, झालं. अडचण पुढे येते. नव्या ताई किंवा नवा तरुण दोन सभांना येतात, तिसरीला निरोप पाठवतात, चौथीपासून फक्त सहीला वही घरी जाते. मग ज्येष्ठ म्हणतात, ‘बघा, आम्ही संधी दिली, त्यांनाच रस नाही.’ बहुतेक ठिकाणी झालेलं असं असतं की निर्णय सभेच्या आधीच, तीन-चार जणांच्या फोनवर किंवा दादर-परळच्या कुणाच्या घरी, झालेला असतो आणि सभेत तो फक्त वाचून दाखवला जातो. ज्या सभेत काही ठरतच नाही, तिथे माणूस बोलेल कशावर? म्हणून माझं म्हणणं एवढंच : गट करायचा तर तो निर्णय कुठे, कधी आणि कुणाच्या उपस्थितीत होतो ते उघडं करण्यासाठी करा. नव्या सदस्यांना ‘तयार’ करण्यासाठी गट काढला, तर जुने आहेत तिथेच राहतात.

आता काय काय तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे ते. तुमची संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशी दोन्हीकडे नोंदलेली असणार. आपल्याकडे बहुतेक मंडळं तशीच आहेत. तसं असेल तर दार सभासदत्वाचं आहे. कार्यकारिणीवर सभासदच निवडून येतो, म्हणून आधी संस्थेची घटना, म्हणजे नियमावली, काढून वाचा. आजीव सभासदाची वर्गणी किती? अर्जावर किती जुन्या सभासदांची शिफारस लागते? ‘ज्ञातीतील व्यक्ती’ किंवा ‘अमुक वाडीतील रहिवासी’ असं कुठे लिहिलंय का? एका संस्थेत वर्षभर समावेशकतेची चर्चा झाली आणि शेवटी कळलं की सभासदत्वाची वर्गणी एका मजूर घराच्या महिन्याच्या किराण्याएवढी होती. ती हप्त्यांत घ्यायचं ठरलं, तेव्हा कुठे नवे अर्ज आले. कुटुंबाचा ट्रस्ट असेल, विश्वस्त नेमायचा अधिकार विश्वस्तपत्राने विश्वस्तांनाच दिलेला असेल, तर वाट वेगळी. विश्वस्तपत्रातच बदल करायचा तर धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागतं. वकिलाशिवाय तिथे हात घालू नका.

एक ठिकाण मात्र असं आहे की तिथे मी गट नको म्हणते. संस्थेत दोन तट असतील, मागच्या निवडणुकीचा चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याचा धर्मादाय कार्यालयात द्यायचा अहवाल, हरकतीत अडकला असेल, तर नवी माणसं आणणं म्हणजे कुणाच्या तरी बाजूची मतं वाढवणं एवढाच अर्थ गाव काढतं आणि त्या माणसांची फरफट होते. आधी तो वाद मिटवा. वाद नसेल तरी लक्षात ठेवा, विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट ९० दिवसांच्या आत दाखल करायचा असतो. नव्या माणसाचं नाव धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीवर येईपर्यंत बँकही त्याला मोजत नाही. कार्यकारिणीत घेऊन रिपोर्टच न भरलेले ‘सदस्य’ मी पुष्कळ पाहिलेत.

यानंतर येते तारीख आणि जागा. कोकणात अर्धा प्रश्न इथेच आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

मुंबईकर गावात असतात म्हणून वार्षिक सभा गणपतीत ठेवायची पद्धत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, शाळेच्या पडवीत नाहीतर देवळाच्या सभामंडपात. त्या वेळी गावातली प्रत्येक बाई चुलीपुढे असते. घरात वीस माणसं उतरलेली, नैवेद्य व्हायचाय, गौरी आणायच्यात. नोटिशीत ‘सर्व सभासदांनी उपस्थित राहावे’ छापलेलं असतं, पण वेळ बघूनच अर्धं गाव वगळलेलं असतं. देवळात सभा असेल तर बौद्धवाडीतले आणि मोहल्ल्यातले लोक येत नाहीत, आणि ‘आम्ही कुठे अडवलंय’ असं म्हणायची सोय राहते. शिमग्यात घेतली तर पालखीच्या मानाचा क्रम सभेतही चालू होतो : ज्याचा मान पहिला तो आधी बोलतो आणि त्यापुढे उलट बोलणं शोभत नाही. मे महिना बरा वाटतो, पण मंडणगड-महाडकडच्या संस्थांनी ध्यानात घ्यावं की कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामाला जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. किनाऱ्यावरच्या गावात मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते, त्या काळात खलाशी घरी सापडतो. पण त्याच दिवसांत वरच्या वाड्यांत लावणी असते. सगळ्यांना सोयीची तारीख नसतेच. तरी सगळ्या सभा एकाच गटाच्या सोयीने घेण्यापेक्षा आळीपाळीने घेता येतात. मी पाहिलेल्या एका वाचनालयाने वर्षातल्या चार सभांपैकी एक सभा बौद्धवाडीच्या समाजमंदिरात, एक मोहल्ल्याजवळच्या शाळेत आणि एक ऑनलाइन अशी वाटणी केली. पहिल्या वर्षी ज्येष्ठांपैकी दोघे समाजमंदिरात आले नाहीत. तेही इतिवृत्तात आलं, आणि पुढच्या वर्षी त्यातले एक आले.

आता गटाची बांधणी.

संस्था पाच-सहा, जास्त नकोत. एकाच गावातल्या नकोत, कारण भावकी मध्ये येते. आणि फार लांबच्याही नकोत, कारण संध्याकाळच्या एसटीने बायकांना घरी पोचता आलं पाहिजे. गुहागरहून तुम्ही धोपावे-दाभोळ फेरीबोटीने दापोलीकडच्या संस्थेला जोडू शकता, तवसाळ-जयगड फेरीने रत्नागिरी तालुक्यातल्या. नकाशावर चिपळूण जवळ दिसतं म्हणून सगळे गट तिथेच भरतात, आणि मग खाडीपलीकडच्यांनी येणं सोडलं की ‘प्रतिसाद कमी’ असा शेरा बसतो. गाव फिरतं ठेवा. ज्याची पाळी त्याने जेवण करायचं, साधं, भात-आमटी. प्रवासखर्च ज्याचा त्याला तिथल्या तिथे रोख द्या. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तरी स्टँडपर्यंतची रिक्षा त्याहून महाग पडते, ती धरा. आणि ज्या बाईची दिवसाची मजुरी बुडते तिला ती कशी भरून द्यायची हे आधीच ठरवा. प्रत्यक्ष झालेला खर्च देणं आणि विश्वस्ताला मानधन देणं यात फरक आहे. मानधनाबद्दल घटना काय म्हणते ते सीएंना विचारून घ्या.

प्रत्येक संस्थेतून दोघांनी यायचं : एक अधिकाराचा माणूस, म्हणजे अध्यक्ष, सचिव किंवा खजिनदार, आणि एक नवा सदस्य. ही माझी ठाम अट असते. फक्त नवे आले तर ते शिकून परत जातात आणि घरच्या सभेत पुन्हा गप्प बसतात. फक्त पदाधिकारी आले तर गैरहजर माणसांविषयी कळकळीने बोलतात आणि उठतात. मदत देणाऱ्या कंपनीचं कुणीही खोलीत नको. पैसे देणारा समोर असला की प्रत्येक संस्था सोवळी होते. गटात बोललेलं बाहेर जाणार नाही याची हमी पहिल्याच बैठकीत, एकेकाने तोंडाने द्यायची. आपल्याकडे सकाळी चिपळूणच्या स्टँडवर बोललेलं दुपारच्या गाडीने गुहागरला पोचतं, हे सगळ्यांना माहीत असतं.

बैठकीची रीत मी रेग रेव्हन्स या ब्रिटिश गृहस्थांच्या कामावरून घेतली आहे. कोळसा खाणींच्या व्यवस्थापकांनी बाहेरच्या तज्ज्ञाचं व्याख्यान ऐकण्यापेक्षा लहान गटात बसून एकमेकांच्या खऱ्या अडचणींना प्रश्न विचारावेत, असं त्यांनी १९४० च्या दशकात मांडलं. खाण आणि शाळा यांचा संबंध नाही, पण रीत लागू पडते. एका बैठकीत एकाच संस्थेची एकच अडचण. ती जोडीने मांडायची, वीस मिनिटं. मग पाऊण तास बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. ‘तुम्ही असं का करत नाही?’ हा प्रश्न धरत नाही, तो प्रश्नचिन्ह लावलेला सल्ला आहे. आपल्याकडे हे सर्वांत जड जातं. निवृत्त मुख्याध्यापक असतील तर विचारूच नका. त्यानंतर इतरांनी आपल्याकडे काय झालं तेवढं सांगायचं, आणि शेवटी त्या जोडीने पुढच्या सभेपासून करायची एक गोष्ट लिहून द्यायची. एकच. पुढची बैठक त्या चिठ्ठीपासून सुरू होते.

हे कसं चालतं ते एका उदाहरणाने सांगते. एका संस्थेच्या अध्यक्षांनी अडचण मांडली : ‘आमच्या या ताई हुशार आहेत, पण सभेत बोलत नाहीत.’ ताई शेजारीच होत्या. प्रश्न सुरू झाले. नोटीस कधी जाते? आठ दिवस आधी, व्हॉट्सअॅपवर. ताईंकडे स्मार्टफोन आहे का? मुलाकडे आहे, तो रत्नागिरीला कॉलेजात. मागच्या सभेतला सर्वांत मोठ्या रकमेचा विषय कोणता होता? छपराची दुरुस्ती. तो अजेंड्यावर होता का? नाही, ऐनवेळच्या विषयात, अध्यक्षांच्या परवानगीने. कोटेशन कुणी पाहिली होती? इथे अध्यक्ष थांबले आणि ताईच बोलल्या : ‘मला विषय सभेत समजतो, तुम्हाला तो पंधरा दिवस आधी माहीत असतो. मी काय बोलू?’ अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. त्यांना तोवर खरोखरच तसं दिसलं नव्हतं. त्यांनी लिहून दिलं : ऐनवेळच्या विषयात पैशाचा निर्णय घ्यायचा नाही. पुढे त्यात त्यांनी आणखी एक भर घातली, अजेंडा आणि आकडे छापून हातात द्यायचे आणि ज्यांना वाचणं जड जातं त्यांना सचिवाने आदल्या आठवड्यात भेटून समजावायचे. ही गोष्ट मी अध्यक्षांना एकटं गाठून सांगितली असती तर त्यांना अपमान वाटला असता. तिथे बाकीच्या चार संस्थांचे अध्यक्ष मान खाली घालून हसत होते, कारण प्रत्येकाकडे छपराची एक दुरुस्ती होती.

‘आपल्यात भेदभाव नाही’ म्हणणाऱ्यांशी वाद घालू नका. त्यांना प्रोसिडिंग बुक, म्हणजे इतिवृत्ताची वही, घेऊन यायला सांगा. मागच्या तीन वर्षांत प्रत्येक ठरावाचे सूचक कोण, अनुमोदक कोण, आणि ‘चर्चा झाली’ या शब्दांमागे कुणाचं नाव नोंदलंय, हे त्यांनी स्वतः पेन्सिलने मोजायचं. सगळ्या संस्था एकाच वेळी मोजतात, त्यामुळे कुणा एकावर बोट नसतं. दोन नावं आलटून पालटून येतात. इतिवृत्त त्यांनीच लिहिलेलं असतं, म्हणून त्यावर वाद होत नाही.

इथवरचं थोडक्यात : घटना आणि सभासदत्व तपासा, तारीख-जागा फिरती करा, गटात जोडीने जा, प्रश्नांनी काम करा. आता नव्या सदस्यांबद्दल, कारण त्यांचं नुसत्या जोडीने भागत नाही.

एकटा माणूस आणू नका. रोझाबेथ मॉस कँटर यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीचा अभ्यास करून १९७७ मध्ये दाखवलं की पुष्कळांमध्ये एकदोघेच वेगळे असले की त्यांच्याकडे व्यक्ती म्हणून कुणी पाहत नाही, आपल्या गटाचा नमुना म्हणून पाहतात. गावात हे रोज दिसतं. बौद्धवाडीतला एकुलता सदस्य शाळेच्या वेळापत्रकावर बोलला तरी ‘तुमच्या वाडीचं म्हणणं काय?’ असं विचारतात. अकरांच्या कार्यकारिणीत तिघे-चौघे एकदम आणा, आणि त्यातल्या दोघांत तरी वाडी, धर्म, बाई-पुरुष यापलीकडचा फरक असू द्या. ‘निमंत्रित सदस्य’ हा सोयीचा कोपरा आहे. मत नसतं, चहा असतो. कुणाला आधी अंदाज घ्यायचा असेल तर एका वर्षापुरतं निमंत्रित ठेवा आणि वर्ष संपायची तारीख ठरावातच लिहा.

नव्यांची, फक्त नव्यांची, एक वेगळी बैठक दर तीन महिन्यांनी ठेवा. तिथे मी एकच काम करून घेते : ताळेबंद वाचायचा. पाचही संस्थांचे लेखापरीक्षण अहवाल टेबलावर, आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या संस्थेचा वाचायचा. ठेव कुठे आहे, घसारा म्हणजे काय, ‘देणे’ कुणाचं, मागच्या वर्षीपेक्षा प्रवासखर्च का वाढला. स्वतःच्या संस्थेचा प्रश्न विचारायला धास्ती वाटते, दुसऱ्याच्या विचारायला वाटत नाही. एकदा विचारला की तोच घरी विचारता येतो. याची गरज मी नुसत्या धीटपणासाठी सांगत नाही. विश्वस्ताची सही म्हणजे जबाबदारी आहे. पैशाचा गैरव्यवहार झाला तर ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर पुरत नाही. गरीब घरच्या बाईला कार्यकारिणीत घेऊन कोऱ्या ठरावावर तिची सही घ्यायची, याला समावेश म्हणत नाहीत. ती जबाबदारी तिला समजावल्यावर ती नको म्हणाली तर तेही मान्य करा.

माणसं शोधायची कुठे, हा प्रश्न मला फार विचारतात आणि त्याचं मला नवल वाटतं. ‘लायक बाई मिळत नाही’ म्हणणाऱ्या गावात बचतगटांचा ग्रामसंघ असतो. उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांच्या गटात वर्षानुवर्षं वही सांभाळलेली, बँकेचं कर्ज फेडून घेतलेली बाई तिथे असते. आपल्याकडे २०११ पासून पंचायतीत महिलांना निम्म्या जागा आहेत. एक मुदत पूर्ण केलेल्या माजी सदस्या तुमच्या गावात असणारच. त्यांना सभा म्हणजे काय ते तुमच्या काही विश्वस्तांपेक्षा जास्त माहीत आहे. नवऱ्याने कारभार केला असेल तर तेही गावाला माहीत असतं, तेवढं पारखून घ्या.

मुंबईकरांविषयी एक शब्द. गावातले लोक त्यांना खलनायक करतात, ते बरोबर नाही. शाळेची इमारत बहुधा त्यांनीच गिरणीतल्या पगारातून उभी केली, आणि चाळीच्या खोलीत सभा घ्यायची सवय तेव्हाची आहे. तेव्हा ते सोयीचं होतं. आज त्यांना बाजूला करायला गेलात तर पैसा जाईल आणि कडूपणा राहील. एक तडजोड चालताना पाहिली आहे : इमारत निधी आणि देणग्या मुंबई समितीकडे, शाळेचा रोजचा कारभार, नेमणुकांची शिफारस आणि छोट्या रकमांचे खर्च स्थानिक समितीकडे, रकमेची मर्यादा ठरावाने. मुंबईच्या निदान दोघांनी वर्षातून एकदा गटाच्या बैठकीला प्रत्यक्ष यायचं. फोनवरून पटत नाही ते तिथे ताईंचं बोलणं ऐकून पटतं.

वर्षाने काय पाहायचं? कार्यकारिणीत बाया किती, वाड्या किती, हे कंपनी मोजेलच. तुम्ही वेगळं मोजा. नव्या सदस्याने मांडलेला एखादा ठराव चर्चा होऊन मंजूर झाला का? किंवा चर्चा होऊन फेटाळला गेला का? मला फेटाळलेलाही चालतो, त्याचा अर्थ कुणीतरी तो मनावर घेतला. आणि चेकवर सह्या कुणाच्या? तिघांपैकी दोघांच्या सह्या अशी पद्धत असेल तर तिसरं नाव नव्या सदस्याचं घाला. दर चेकला त्या व्यक्तीपर्यंत जावं लागतं आणि ती विचारते, ‘हे कशाचं?’ या एका बदलाने जेवढं घडतं तेवढं कुठल्याही शिबिराने घडलेलं मी पाहिलेलं नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय की गटासाठी कंपनीचे पैसे घ्यावेत का. प्रवास, जेवण आणि बुडालेली मजुरी एवढ्यापुरते घ्या. अहवालात बैठकांच्या तारखा, हजेरी आणि प्रत्येक संस्थेने लिहून दिलेला बदल, तोही त्या संस्थेची परवानगी असेल तरच, एवढंच द्यायचं हे आधी लेखी ठरवून घ्या. चर्चेचं इतिवृत्त मागितलं तर नाही म्हणा. त्यावर कंपनी अडून बसली, तर पाच संस्थांनी मिळून डाळ-तांदूळ गोळा करूनही हे काम होतं. पहिली बैठक गणपतीनंतर, पितृपक्षात ठेवा. घरांत लग्नकार्यं नसतात, मुंबईकर परत गेलेले असतात, आणि भातकापणीला अजून अवकाश असतो.